डावा कोपरा

वागळे इस्टेटच्या सातव्या मजल्यावर
माझं टेबल काचेचं आहे, म्हणून मला पाय दिसतात.
समोरचा तोंडाने बोलत असतो,
मी घोटा बघतो.
अकरा मोसम तेवढंच केलं.
चढाईला आलेल्याचे डोळे खोटं बोलतात,
खांदे त्याहून जास्त.
घोटा मात्र अर्धा क्षण आधी
खरं सांगून मोकळा होतो.

"जोखीम चालेल हो मला," म्हणतात
कापूरबावडीचे निवृत्त इंजिनियर,
आणि त्यांची टाच चपलेतून अर्धी बाहेर,
मागे, मध्यरेषेकडे.
मी फॉर्मवर लिहितो, जोखीम: कमी.
साहेब विचारतात, कशाच्या आधारावर?
कंपनीच्या फॉर्मात घोट्याला रकाना नाही.

गुडघा गेला तेव्हा मी एकतीसचा.
डॉक्टर म्हणाले, आतली दोरी तुटली.
आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले, आईने लगेच विचारलं,
शिवता येते ना?
शिवली.
पण लिलावात माझं नाव पुकारलं
तेव्हा एकही हात वर झाला नाही.
पडद्यावर माझी मूळ किंमत तेवढी दिसत राहिली,
मग पुढचं नाव.

मग परीक्षा. दोन मार्कांनी नापास.
चक्रवाढ व्याज मला शेवटी मातीत कळलं,
मैदानाच्या कडेला उकिडवं बसता येईना
म्हणून पाय पसरून, काटकीने आकडे काढत.
पंधराव्या वर्षापर्यंत पोचलो होतो,
शिट्टी वाजली,
आणि माझ्या पंधराव्या वर्षावरून
सरावाची पोरं धावत गेली.

दुसऱ्यांदा पास झालो.
नौपाड्यातून कातडी बूट घेतले,
पायांना जमीन लागेना.
पकडीत मोडलेली करंगळी वाकडीच राहिली,
भलतंच बटण दाबते.
घंटाळीच्या एका बाईंच्या एसआयपीत
एक शून्य जास्त पडलं होतं.
दिसलं वेळेवर. रात्री झोप नाही लागली.

एक गोष्ट मात्र अख्ख्या ऑफिसात मलाच येते:
म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे
योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा,
हे एका दमात, न अडखळता, चार वेळा.
शेजारच्या टेबलावरच्या मुली हसतात.
हसू देत.
दम तुटला की गडी बाद, एवढंच मला शिकवलेलं.

काल तन्मेष केणी आला. खारेगावचा, एकोणीस वर्षांचा.
सोळाचा होता तेव्हा एका सराव सामन्यात
माझ्या डोक्यावरून उडी मारून
याच पोराने रेषा गाठली होती.
आता पहिल्या कराराचे पैसे,
काळी गाडी हवी, घरावर मजला चढवायचा,
"उरलं तर टाकू तुमच्याकडे, दादा."

टेबलाखाली त्याचा उजवा घोटा.
पट्टी, घाईत बांधलेली, सुजेवर.
कुणाला सांगितलंस?
त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मी पंधरा वर्षांचा रंगीत तक्ता छापून ठेवला होता,
तो पालथा घातला.
मैदानात असतो तर शेजारच्याचा हात धरला असता,
साखळीशिवाय मी कधी कुणाला अडवलं नाही.
इथे शेजारी प्रिंटर.
विचारलं, किती मोसम आहेत तुझ्याकडे?
म्हणाला, दहा तरी.
मी पँट गुडघ्याच्या वर ओढली.
तो टाक्यांकडे बघत राहिला,
कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली अट
पहिल्यांदाच कुणी वाचावी, तसा.

निम्मे ठेवले त्याने. गाडीचं बोललाच नाही.
सही करताना विचारलं,
यात तुम्हाला किती मिळतात, दादा?
सांगितलं, पैशापर्यंत.

लिफ्टपर्यंत तो अगदी सरळ चालला,
मला दाखवायला.
मग मी खिडकीशी गेलो.
खाली रिक्षाला हात करताना
सगळं वजन डाव्या पायावर.
सातव्या मजल्यावरूनही कळतं.

फोन उचलला.
गुडघ्याच्या डॉक्टरांचा नंबर
अजून पाठ आहे.